बाळाच्या अंगावर उठतं ते काय?



गटाची बैठक संपत आली, हप्ते जमा झाले, वही मिटली, की मांडीवर तान्हं घेऊन बसलेली एखादी विचारतेच, "बाळाच्या अंगावर पुरळ उठलंय, कशानं असेल गं?" मग उत्तरं सुरू होतात. एकीला वाटतं उष्णता असेल. दुसरी म्हणते आईनं काहीतरी वावडं खाल्लं. तिसरी दृष्ट काढायला सांगते. आणि कोपऱ्यातली म्हातारी आवाज खाली आणून म्हणते, "देवी आल्यात. काही करू नका. आपोआप जातील."

आज बोलायचंय ते या "काही करू नका"बद्दल. हे वाक्य आलं कुठून, कधी ते बरोबर होतं, कधी ते चुकीचं झालं आणि आजही ते आपल्या घरात कसं टिकून आहे, हे पाहू. बुरोंडी, लाडघर, कोळथरे, हर्णै या आपल्या किनाऱ्यावरच्या बायकांना ही गोष्ट जवळची वाटेल, कारण यातली बरीचशी गोष्ट समुद्रावरून होडीनं, गलबतानं आणि बोटीनं आलेली आहे.

आधी आपल्या भाषेकडे बघा. देवी 'येतात'. कांजिण्या 'येतात'. गोवर 'येतो'. खरूज मात्र 'होते'. बिब्बा 'उततो'. म्हणजे काही पुरळ आपल्याकडे पाहुण्यासारखं येतं आणि काही नुसतं होतं. जे येतं त्याचा मान ठेवायचा, जे होतं त्याला औषध लावायचं. ही विभागणी आपल्या आज्या-पणज्यांनी केली ती उगीच नव्हे. जे 'येत' होतं त्यापुढे त्यांचं खरोखरच काही चालत नव्हतं.

देवीचा रोग आता जगात नाही, म्हणून तो काय होता हे तरुण मुलींना सांगावं लागतं. आधी कडक ताप, अंग मोडून येणं, मग तोंडावर आणि हातापायांवर पुरळ. त्याचे पाण्याचे फोड होत, फोडांत पू भरे, मग खपल्या धरत. लागण झालेल्या दहा माणसांतली तीन मरत. तान्ह्या मुलांत मरण त्याहून जास्त. वाचलेल्यांच्या तोंडावर आयुष्यभर वण राहत, काहींचे डोळे जात. मुलीच्या तोंडावर वण असले की तिचं लग्न जमेना. घरात मुलं जगत नाहीत म्हणून पुढच्या मुलाचं नाव दगडू, भिकू असं ठेवायची रीत होती. असलं नाव ऐकून तरी मरण या पोराकडे वळून बघणार नाही, अशी आईची आशा.

अशा रोगाला देवी म्हटलं, तिला शीतळा म्हटलं, यात मला अडाणीपणा दिसत नाही. चौलला शीतळादेवीचं देऊळ आहे, मुंबईत माहीमला आहे. श्रावणातल्या शीतळा सप्तमीला चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशीचं थंड खायचं, ही पद्धत अजून कितीतरी घरांत पाळतात. देवी आलेल्या घराचे नियमही कडक होते. दाराला कडुनिंबाचा डहाळा. बाहेरच्या माणसानं आत यायचं नाही. घरातल्यांनी दुसऱ्यांकडे जायचं नाही. फोडणी द्यायची नाही, तळण नाही. आजारी मुलाला कडुनिंबाच्या पाल्यावर निजवायचं. बरं वाटल्यावर न्हाऊ घालायचं आणि मगच घर मोकळं.

यातलं निम्मं आजच्या डॉक्टरनंही मान्य करावं असं आहे. दारावरचा डहाळा म्हणजे गावाला दिलेली सूचनाच होती, की इथे रोग आहे, मुलं घेऊन येऊ नका. माणसं वेगळी ठेवणं हा त्या काळात हाताशी असलेला सगळ्यात चांगला उपाय होता आणि तो बायकांनी धर्म म्हणून पाळला. उरलेलं निम्मं म्हणजे औषध नको, बाहेर बोलू नको, खायला फार देऊ नको. देवीच्या रोगावर तसंही औषध नव्हतं, म्हणून त्या नियमानं तेव्हा फार बिघडलं नाही. बिघडलं ते पुढे, आणि दुसऱ्याच रोगात. तिकडे शेवटी येऊ.

देवी थांबवता येतात हे कळलं ते एका गवळणीमुळे. इंग्लंडच्या खेड्यांत दूध काढणाऱ्या बायका म्हणायच्या की आमच्या हाताला गाईचे फोड येऊन गेलेत, आता आम्हाला देवी येणार नाहीत. डॉक्टर एडवर्ड जेन्नरनं हे बोलणं मनावर घेतलं. 1796 च्या मे महिन्यात सारा नेल्म्स नावाच्या गवळणीच्या हातावरच्या फोडातली लस त्यानं एका आठ वर्षांच्या मुलाच्या दंडावर लावली. पुढे मुद्दाम देवीची लागण करून पाहिली, मुलाला काही झालं नाही. असा प्रयोग आज कुणी करू देणार नाही, पण त्यातून लस निघाली.

ती आपल्याकडे आणायची कशी? बर्फाची पेटी नव्हती. सुकवलेली लस लांबच्या प्रवासात मरे. मग एक युक्ती काढली. एकाच्या दंडाला लस लावायची, आठवड्यानं तिथे फोड भरला की त्यातली लस दुसऱ्याच्या दंडाला लावायची, मग तिसऱ्याच्या. अशी माणसांची साखळी करत, बगदाद आणि बसऱ्यामार्गे लस समुद्रावरून मुंबईला पोचली. 14 जून 1802 या दिवशी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली. हिंदुस्थानात देवीची लस घेणारी ही पहिली व्यक्ती. तिच्या दंडावरच्या फोडापासून पुढची साखळी सुरू झाली आणि पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास इथे लस गेली. म्हणजे या देशातल्या लसीकरणाची सुरुवात एका पोरीच्या दंडातून झाली. तिच्या आईला त्या दिवशी काय वाटलं असेल, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही.

पण दुसऱ्या आयांना काय वाटत होतं, ते समजायला फार विचार करावा लागत नाही. बाळाला टोचून घ्यायचं, त्याला ताप येणार, दंड सुजणार. आठव्या दिवशी तोच माणूस परत येणार आणि बाळाचा दुखरा फोड उघडून त्यातली लस दुसऱ्याच्या मुलासाठी घेणार. कोणाच्या अंगातलं कोणाच्या अंगात जातंय, याची धास्ती होतीच. जातीपातीचा विचार तर होताच, पण दुसऱ्याचा रोग आपल्या मुलाला लागेल ही भीतीही होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती. दंडातून दंडात लस देताना दुसरे रोग गेल्याची उदाहरणं युरोपात घडलेली होती. बायका मुलं लपवत. आज आपण त्यांना हसतो, ते बरं नव्हे.

1827 सालापासून मुंबई इलाख्यात टोचणारे लोक गावोगाव फिरू लागले. एका जागी दवाखाना उघडून बसायचं नाही, गावच पायाखाली घालायचं, अशी ती पद्धत. तिला पुढे 'मुंबई पद्धत' असंच नाव पडलं. 1877 साली मुंबई शहरात लहान मुलांना देवी काढणं कायद्यानं सक्तीचं झालं. पुढे माणसाच्या दंडाऐवजी वासरांच्या कातडीवर लस तयार करू लागले. आपल्या इलाख्यासाठी अशी लस बेळगावच्या संस्थेत बनत असे. त्यामुळे दुसऱ्याचा रोग लागण्याची भीती गेली, पण गाईच्या वासराचा प्रश्न काहींच्या मनात उभा राहिला. मला तर वाटतं, प्रत्येक पिढीला लसीला नाही म्हणायला नवीन कारण सापडतं.

आणि शब्द बघा. आपल्या लोकांनी लस टोचण्याला नाव दिलं 'देवी काढणं'. टोचायला येणारा तो 'देवी डॉक्टर'. जी देवी येते तिलाच आधी थोडीशी बोलावून घ्यायची आणि निरोप द्यायचा, असा अर्थ लोकांनी लावला. लस म्हणजे काय हे समजवायला याहून चांगला शब्द कुठल्या सरकारी कागदात सापडणार नाही.

पन्नाशी ओलांडलेल्या बायकांनी आपला दंड किंवा मनगटाच्या वरचा भाग बघावा. चपटा, गोल, चकतीसारखा वण दिसेल. ती देवी काढल्याची खूण. तरुण मुलींच्या डाव्या दंडावर असतो तो लहान वण बीसीजीचा, क्षयाच्या लसीचा. दोन्ही वेगळे. आजी, आई आणि नात शेजारी बसल्या की तीन दंडांवर शंभर वर्षांचा इतिहास दिसतो.

स्वातंत्र्यानंतरही देवी जात नव्हत्या. 1967 पासून जागतिक आरोग्य संघटनेनं जोर लावला. 1974 साली बिहारमध्ये मोठी साथ आली, हजारो माणसं गेली. तेव्हा आरोग्य कर्मचाऱ्यांच्या हातात एक चित्रकार्ड असे. त्या कार्डावर देवी आलेल्या बाळाचा फोटो होता. बाजारात, शाळेत, दारोदार ते कार्ड दाखवून विचारायचं, "असं बाळ कुठे बघितलंत का?" कळवणाऱ्याला बक्षीस. सुरुवातीला थोडं, शेवटी हजार रुपये, आणि त्या काळी हजार रुपये म्हणजे केवढे!

बक्षिसासाठी लोक येत, पण बहुतेक मुलांना देवी नसून कांजिण्या असायच्या. मग ओळखायचं कसं? कर्मचाऱ्यांना शिकवलं होतं ते फार सोपं होतं. देवी तोंडावर, हातापायांवर दाट, पोटापाठीवर कमी. तळहात आणि तळपाय बघायचे, तिथेही फोड असतील तर देवीचा संशय. आणि एका भागातले सगळे फोड एकाच वयाचे असतात, सगळे पाण्याचे किंवा सगळे पुवाचे. कांजिण्यांत उलटं. पोटापाठीवर जास्त, आणि शेजारी शेजारी एक लाल ठिपका, एक पाण्याचा फोड, एक खपली, असे तिन्ही एकदम दिसतात. हे शिकायला डॉक्टर असावं लागत नाही. ज्या हजारो लोकांनी हे ओळखून देवी हुडकल्या ते बहुतेक साधे गावातले कर्मचारी होते.

24 मे 1975 ला आसामात करीमगंजला भारतातली शेवटची रोगी सापडली. ती बांगलादेशातून आलेली एक बाई होती. तीव्र देवीची जगातली शेवटची रोगी त्याच वर्षी ऑक्टोबरात बांगलादेशात भोला बेटावर मिळाली. रहिमा बानू, वय दोन-तीन वर्षं. तिच्या अंगावरचं पुरळ बघून खबर दिली ती गावातल्याच एका आठ वर्षांच्या मुलीनं, आणि तिला अडीचशे टका बक्षीस मिळालं. रहिमा बरी झाली. 1977 च्या एप्रिलात भारत देवीमुक्त जाहीर झाला. 8 मे 1980 ला सगळं जग.

देवी गेल्या. मग आज बाळाच्या अंगावर उठतं ते काय?

बहुतेक वेळा साधंच काहीतरी. जन्मल्यावर दोन-तीन दिवसांत लाल चट्टे आणि मधोमध पिवळट-पांढरा ठिपका असं पुरळ कितीतरी धडधाकट बाळांना येतं. बाळ अंगावर पीत असतं, झोपत असतं, ताप नसतो. आठवडा-दोन आठवड्यांत ते जातं. जुन्या सुइणी म्हणायच्या, "पोटातली उष्णता बाहेर पडते." कारण बरोबर नव्हतं, पण सल्ला बरोबर होता. इथे "काही करू नका" हेच खरं. हळद, डाळीचं पीठ, कसला लेप, काही नको.

घामोळ्याचा तर आपल्या कोकणाशी घरोबाच. बाळाच्या घामाच्या नळ्या अजून पुऱ्या तयार नसतात. त्या तुंबल्या की घाम कातडीखाली अडकतो आणि बारीक दाणे उठतात. मानेला, काखेत, पाठीवर. एप्रिल-मेची दमट हवा, त्यात बाळंतिणीची बंद खोली, शेगडी, टोपरं, कुंची, दुपट्यावर दुपटं. पूर्वी सारवलेल्या कौलारू घरात, पावसाच्या ओलीत ही ऊब लागत होती. आता पत्र्याच्या नाहीतर स्लॅबच्या खोलीत मे महिन्यात तीच कुंची घातली की बाळ आतून उकडतं. वर पावडर मारली की नळ्या आणखी बुजतात, आणि पावडरचा धुरळा बाळाच्या छातीत जातो. मोकळं अंग, सुती झबलं, वारा, एवढं पुरतं.

लंगोटाखालची लाली ही शू आणि शीमुळे होते. आजकाल प्लास्टिकचा लंगोट रात्रभर बांधतात, म्हणून ती वाढली. लाली फुगीर भागावर असेल, घडीत नसेल, तर ती ओल्या कापडाची. घडीतही लालभडक असेल आणि कडेला सुटे लाल दाणे असतील तर बहुधा बुरशी. तिला नर्सबाईंकडून वेगळं मलम लागतं. खोबरेल तेलानं ती जात नाही.

आता खरूज. इथे मला थोडं थांबायचंय, कारण ही गोष्ट बायकांची आहे. रक्त बिघडलं की खरूज होते, असं सगळ्या जगातले वैद्य शेकडो वर्षं सांगत होते. 1687 साली इटलीत बोनोमो नावाच्या डॉक्टरनं लिहिलं की गरीब बायका खरूज झालेल्या मुलांच्या अंगातून टाचणीनं काहीतरी बारीक उकरून काढतात आणि उवेसारखं नखावर चिरडतात. त्यानं ते भिंगाखाली धरलं, तर आठ पायांचा जिवंत किडा! त्यानं चित्र काढलं, पत्र छापलं. मोठ्या डॉक्टरांनी मानलं नाही. जवळजवळ दीडशे वर्षं तसंच. 1834 साली पॅरिसच्या इस्पितळात रेनुची नावाच्या एका विद्यार्थ्यानं सगळ्यांसमोर टाचणीनं तो किडा काढून दाखवला. तो कॉर्सिका बेटावरचा, आणि ही कला त्यानं तिथल्या बायकांकडून पाहिलेली. म्हणजे पॅरिसच्या प्राध्यापकांना जे ठाऊक नव्हतं ते खेड्यातल्या आयांना ठाऊक होतं. त्यांना विचारायला कुणी गेलं नव्हतं, एवढंच.

खरजेची खूण म्हणजे रात्री खाज वाढते आणि घरात एकाहून जास्त लोकांना असते. मोठ्यांना बोटांच्या बेचक्यात, कमरेला. तान्ह्या बाळाला मात्र तळहातावर, तळपायावर, कधी डोक्यावरही. औषध एकट्या बाळाला लावून भागत नाही. एका छपराखाली झोपणाऱ्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं, कपडे-अंथरूण उकळत्या पाण्यातून काढून उन्हात घालायचं. मोठ्यांचं मलम बाळाला मनानं लावू नका, बाळाचं प्रमाण वेगळं असतं.

आणि मग आपल्या अंगणातलं एक कारण. बिब्बा, काजू आणि आंबा ही तिन्ही झाडं एका कुळातली. काजू पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून गोव्याला आणला, तिथून तो आपल्या डोंगरांवर चढला. बिब्बा इथलाच. या तिघांच्या चिकात कातडी भाजणारा एकाच जातीचा पदार्थ आहे. धोबी बिब्ब्याच्या काळ्या रसानं कपड्यांवर खूण करायचे. दुसऱ्या महायुद्धात इथे आलेल्या परदेशी सैनिकांच्या मानेवर, कमरेवर चट्टे उठायला लागले, डॉक्टर चक्रावले, आणि मग लक्षात आलं की जिथे धोब्याची खूण तिथेच चट्टा. आपल्याला यात नवल नाही. एखाद्याच्या कामात बिब्बा घालणं म्हणजे काय हे मराठी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

तरी काही घरांत अजून बाळाच्या पोटावर, छातीवर बिब्ब्याचा ठिपका देतात. बाळाची कातडी पातळ, तो ठिपका फोड होतो आणि फोडाचा घाव. काजूच्या बिया फोडणाऱ्या बायकांचे हात टरफलाच्या तेलानं काळे पडतात, हे आपण बघतोच. राख नाहीतर तेल लावून हात वाचवतात, पण तेच हात तसेच बाळाला घ्यायला गेले की त्याच्या गालाला चट्टा उठतो. आंब्याच्या देठाचा चीक तसाच. मे महिन्यात बाळाच्या ओठाभोवती लाल झालं तर "आंबा उष्ण पडला" म्हणण्याआधी साल नीट धुतली होती का, देठाचा चीक गेला होता का, ते बघा.

आता राहिला गोवर. इथे मला जास्त वेळ लागणार आहे, कारण देवी गेल्यावर तिचे नियम गोवराच्या वाट्याला आले.

देवी आणि गोवर हे दोन वेगळे रोग, हे नीट लिहून ठेवलं ते सुमारे हजार वर्षांपूर्वी, बगदादेत काम केलेल्या अल राझी नावाच्या हकिमानं. पण गोवर कसा पसरतो, ते कळलं एका मच्छीमार मुलखात. युरोपच्या उत्तरेला फेरो नावाची बेटं आहेत. मासे, मेंढ्या आणि होड्या यांवर जगणारे लोक. तिथे 1781 नंतर पासष्ट वर्षं गोवर नव्हता. 1846 साली कोपनहेगनहून एक सुतार बोटीनं आला आणि आजारी पडला. काही महिन्यांत बेटांवरच्या सुमारे 7,800 माणसांतली 6,000 गोवरानं निजली.

डेन्मार्कच्या सरकारनं पानुम नावाचा तरुण डॉक्टर पाठवला. तो घरोघर फिरून एकच विचारत गेला, तुम्ही कोणत्या दिवशी कुणाला भेटलात, आणि पुरळ कोणत्या दिवशी उठलं? एका गावची दहा माणसांची होडी 4 जूनला दुसऱ्या बंदरात देवमासे पकडायला गेली होती. तिथे गोवर होता. 18 जूनला त्या दहाही जणांच्या अंगावर पुरळ उठलं. चौदा दिवस. असाच हिशेब गावोगाव जुळला. आणखी एक गोष्ट त्यानं टिपली. 1781 साली लहानपणी ज्यांना गोवर आला होता, त्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा आला नाही. होडी कधी गेली, कधी आली, कोण कोण होतं, हे कोळ्यांच्या घरात सगळ्यांना पाठ असतं. पानुमला त्या आठवणीतूनच उत्तर मिळालं.

गोवराची चाल अशी. आधी तीन-चार दिवस ताप, नाक गळणं, खोकला, डोळे लाल आणि उजेड नकोसा. मग कानामागून, केसांच्या कडेनं लाल पुरळ सुरू होतं, तोंडावर येतं आणि तिथून खाली पोटावर, पायांवर उतरतं. घामोळं असं वरून खाली उतरत नाही आणि त्यात ताप नसतो. गोवर घेऊन आलेला माणूस खोलीतून उठून गेला, तरी दोन तासांपर्यंत तिथल्या हवेत रोग राहतो. पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून ते उठल्यावर चार दिवस तो दुसऱ्याला लागतो.

मरण पुरळानं येत नाही. ते येतं गोवरापाठोपाठच्या न्यूमोनियानं, जुलाबानं. गोवर अंगातलं जीवनसत्त्व अ संपवतो, म्हणून डोळे जातात. आणि नेमकं याच वेळी आपण देवीचे नियम पाळतो. दूध बंद, तेलतूप बंद, अंडं-मासा बंद, पातळ पेजेवर ठेवायचं, दवाखान्यात न्यायचं नाही, सुई तर नकोच. देवीच्या काळी ज्यानं फार बिघडत नव्हतं, तेच गोवरात मुलाला मारतं. अंगावरचं पाजणं थांबवायचं नाही, खाणाऱ्या मुलाला थोडं थोडं पण नेहमीचं खायला द्यायचं, आणि जीवनसत्त्व अ चे दोन डोस दवाखान्यातून घ्यायचे. दाराला डहाळा लावायचा असेल तर जरूर लावा, त्यानं शेजारची मुलं तरी लांब राहतील.

गोवराची लस 1963 साली अमेरिकेत निघाली. भारत सरकारच्या लसीकरणात ती 1985 पासून नवव्या महिन्यात देऊ लागले. दुसरा डोस 2010 पासून. 2018 च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रभर शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची मोहीम झाली, ती आठवत असेल. पुण्याची सीरम संस्था ही लस बनवते आणि जगातले कितीतरी देश ती घेतात. नववा महिना का, असं बायका विचारतात. पोटात असताना आईचं संरक्षण बाळाला मिळतं आणि ते काही महिने टिकतं. ते अंगात असताना लस दिली तर ती नीट लागत नाही. ते संपायला आणि लस लागायला नववा महिना बरा पडतो. दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांच्या मध्ये. तो बरेच जण विसरतात, कारण तोवर बाळ चालायला लागलेलं असतं आणि कार्ड ट्रंकेच्या तळाशी गेलेलं असतं.

2022 च्या शेवटी मुंबईत गोवंडीत गोवर आला आणि शहरभर पसरला. भिवंडी, मालेगावातही मुलं आजारी पडली. काही दगावली. कोरोनाच्या दोन वर्षांत राहून गेलेल्या लसी हे त्याचं एक मोठं कारण. साथ असलेल्या भागात तेव्हा सहा महिने झालेल्या बाळांनाही एक जादा डोस द्यायला सांगितलं गेलं, कारण नऊ महिन्यांच्या आतलीही मुलं आजारी पडत होती. तो जादा डोस नेहमीच्या दोन डोसांत धरायचा नसतो.

मुंबईत साथ म्हणजे आपल्यापासून लांब, असं बुरोंडीला म्हणता येत नाही. पूर्वी मुंबईची बोट हर्णैला, दाभोळला थांबायची आणि चाकरमानी होडीतून किनाऱ्यावर उतरायचे. आता एसटी आणि खाजगी गाड्या रात्रीत आणून सोडतात. गणपतीला, शिमग्याला प्रत्येक घरात मुंबईची दोन-चार माणसं आणि त्यांची मुलं असतात. एकाच खोलीत दहा-बारा जण झोपतात, आरतीला वाडीतली सगळी मुलं एकत्र येतात.

बाळाला ताप आणि पुरळ दोन्ही असलं तर आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या नर्सबाईंना त्याच दिवशी कळवा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर पुरळ असो नसो, दवाखाना. पुरळ जांभळं असेल आणि पेल्याची काच दाबून धरल्यावरही पुसट होत नसेल, बाळ पीत नसेल, धाप लागत असेल, तर रात्र असली तरी निघायचं. आणि सांगताना पानुमनं विचारलं तेच सांगा. ताप कोणत्या दिवशी आला, पुरळ कुठून सुरू झालं, दहा-पंधरा दिवसांत घरी कोण आलं होतं. गणेश चतुर्थीच्या आदल्या रात्री आलेल्या पाहुण्यांच्या मुलाकडून लागलेला गोवर बाळाच्या अंगावर दिसतो तो अनंत चतुर्दशी उलटून गेल्यावर. तोवर पाहुणे मुंबईला पोचलेले असतात आणि घरातली माणसं म्हणत असतात, हे तर घामोळं, उन्हाचं उठलंय.